दोन रिमोट आणि एक बगी

“एवढ्याशा प्लॅस्टिकच्या तुकड्यासाठी पोरीवर एवढा ओरडलास? लाज कशी वाटत नाही रे तुला?”

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. एका हातात चमचा, दुसरा हात कमरेवर. तो कमरेवरचा हात दिसला की समजायचं, आज आपलं काही खरं नाही.

“एवढासा नाहीये तो,” मी म्हणालो. “पुढचा आर्म आहे. त्याच्यावर अख्खं चाक असतं.”

“असू दे नाहीतर नसू दे. पाहुणी आहे ती.”

“पाहुणी आहे ना? मग सोफ्यावर बसून बिस्किटं खायची. माझी बगी नेऊन फूटपाथच्या कडेवर कशाला आपटायची?”

“हळू बोल. ऐकेल ती.”

“ऐकू दे की! तिलाच ऐकवतोय.”

ऐकलंच होतं तिने. बाथरूमचं दार बोटभर उघडं होतं आणि त्या फटीत एक डोळा होता. मी बघितल्यावर डोळा गायब झाला.

ती म्हणजे बटण. खरं नाव वेगळं आहे, पण तिचे बाबा तिला बटणच म्हणतात आणि एकदा तिला बघितलं की दुसरं काही म्हणवतही नाही. वाटोळा चेहरा, त्यात भोकं पाडल्यासारखे दोन बारीक डोळे. तिचे बाबा म्हणजे आमचे लिफ्टवाले काका. आईने त्यांच्याशी लग्न केलं त्याला अजून वर्षही झालं नव्हतं. बटणची आई ती अगदी तान्ही असताना गेली, तेव्हापासून ती मावशीकडे वाढली. आमच्याकडे राहायला ती या सुट्टीत पहिल्यांदाच आली होती. सुट्टीच्या शेवटच्या रविवारी मावशी न्यायला येणार आणि तेव्हा बटणने स्वतः सांगायचं, परत जायचं की इथे राहायचं. काकांनी तिला शब्दच दिला होता. “तुला आवडलं तर राहा. नाही आवडलं तर बाबा रागावणार नाही.”

रागावणार नाहीत हे खरं. त्यांना रागावताच येत नाही. बंद पडलेल्या लिफ्ट दुरुस्त करायच्या, आत अडकलेली माणसं बाहेर काढायची, हे त्यांचं काम. त्यामुळे त्यांना अडकलेल्या माणसाशी बोलायची सवय लागली आहे आणि ते सगळ्यांशी तसंच बोलतात. आईचं दूध उतू गेलं तरी, “काही होत नाही, मी इथेच आहे.” मी शाळा सोडली, मग एक काम सोडलं, मग दुसरं सोडलं, तेव्हा सगळ्या नातेवाइकांनी माझी चंपी केली. काका काही बोलले नाहीत. एका संध्याकाळी कामावरून येताना एक खोकं घेऊन आले, टेबलावर ठेवलं आणि हात धुवायला गेले. खोक्यात बगी होती. रिमोटवर चालणारी, मांजराएवढी, मोठ्या खडबडीत टायरची, तीन चाकांवर लंगडी. कुठल्या तरी बिल्डिंगमधलं बिऱ्हाड घर सोडून चाललं होतं, त्यांनी देऊन टाकली होती. रिमोट दोन होते, एक जुना, एक नवा. मोटर जळलेली होती आणि सगळीकडे वाळू.

ती आम्ही दोघांनी उभी केली. काका झाळकाम करायचे, मी स्क्रू. एक शब्द न बोलता आम्ही कितीतरी संध्याकाळी त्या टेबलावर बसलो असू. शेवटी एकदा ती अख्ख्या खोलीतून सुसाट जाऊन कपाटावर धडकली तेव्हा काका म्हणाले, “मालक, ब्रेक राहिले.” तेव्हापासून मला ते मालकच म्हणतात.

म्हणून म्हणतो, मला माझ्या बगीचं पडलं होतं, पण काकांचं जास्त पडलं होतं. मला सगळं दिसत होतं ना. बटण आल्यापासून ते जिना दोन-दोन पायऱ्या गाळून चढत होते. सुट्टीच्या दिवशी दाढी करत होते. तिचे बूट दाराशी बघितले की स्वतःचे बूट काढून त्यांच्या शेजारी नीट जोडून ठेवत होते. आणि ती? ती बॅगेतून एक फ्रॉक काढायची, दुसऱ्या दिवशी धुऊन घडी करून परत बॅगेत. कपाटातला एक कप्पा आईने तिच्यासाठी रिकामा केला होता. तो रिकामाच.

त्या भांडणाच्या संध्याकाळी तिने मावशीला फोन लावला. मी बाल्कनीत होतो, ती पडद्याच्या आत. मी मुद्दाम ऐकत नव्हतो. बरं, ऐकत होतो.

“हो, जेवले… हो, सगळे चांगले आहेत… काकू पण चांगल्या आहेत. बाबा पण. एक ओरड्या आहे… हो, खूप ओरडतो… ये ना, रविवारी ये.”

झालं. ओरड्या म्हणजे मीच, दुसरं कोण. ही पोर माझ्यामुळे गेली तर काका मला एक शब्द बोलणार नाहीत आणि तेच मला झेपणार नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं, परतफेड तरी करता येते.

मी ठरवलं, रविवारपर्यंत तोंडातून मोठा आवाज काढायचा नाही.

दुसऱ्या दिवशी मी बगी टेबलावर घेतली, मोडलेला आर्म बदलला आणि तिला म्हणालो, “येतेस का? तुला चालवता येईल अशी करूया.” असल्या गोड आवाजात की आईने स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढून बघितलं, हा कोण आलाय म्हणून.

बटण आली. खुर्चीवर गुडघे टेकून बसली.

तिच्यासाठी गाडी मऊ करायची होती. माझ्या हाताला ती कडक लागते, वळणावर चटकन मुरडणारी. लहान पोराच्या हातात तसली गाडी म्हणजे दर मिनिटाला उलटी. म्हणून चारही शॉक, म्हणजे चाकांचे धक्के गिळणाऱ्या तेलाच्या नळ्या, उघडले, त्यातलं जाड तेल काढून पातळ भरलं. मागची स्प्रिंग बदलली. रिमोटवर एक चकती असते, ती फिरवून वेग अर्ध्यावर आणला. मोटरच्या दातेरी चाकाचं आणि मोठ्या दातेरी चाकाचं अंतर बसवायला मी कागदाची पट्टी वापरतो. पट्टी दोन्हींच्या दात्यांमधे घालायची, मोटर दाबून स्क्रू आवळायचे, मग पट्टी फिरवून बाहेर काढायची. फाटली तर फार घट्ट, सुरकुतली तर बरोबर. बटणने पट्टी बाहेर काढली, उजेडात धरली आणि सगळ्या बारीक बारीक घड्या बघून म्हणाली, “पंखा.” तेवढाच शब्द. पण पट्टी तिने टाकली नाही, फ्रॉकच्या खिशात ठेवली.

“छान,” मी म्हणालो. “खूपच छान. हुशार आहेस हं तू.”

माझ्याच आवाजाची मला शिसारी आली. तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिला कडू औषध पाजणार आहे आणि आधी गोड गोळी दाखवतोय.

आमच्या गल्लीच्या टोकाला फर्निचरचं एक बंद गोडाऊन आहे. त्याच्या समोरच्या मोकळ्या जागेत आम्ही पोरं गाड्या पळवतो. बागेच्या जुन्या रबरी नळ्या अंथरून रस्ता केलाय, मधे फळ्यांचे दोन चढ. नियम एकच. ज्याचं पळवून झालं त्याने पुढच्याच्या वेळी वळणावर उभं राहायचं आणि उलट्या पडलेल्या गाड्या सरळ करायच्या. कोणाचीही गाडी, शत्रूची का असेना. मोठं तोंड कोणाचं, तर चष्मिसचं. त्याची स्वतःची गाडी आमच्यात सगळ्यात वेगवान आणि तो दुसऱ्यांच्या वेळी रिकाम्या बाटलीत तोंड घालून कॉमेंट्री करतो.

“आणि ही आली नवी खेळाडू! बटण! गाडी मोठी की बटण मोठं, प्रेक्षकहो, सांगणं कठीण आहे!”

सुरुवात चांगली झाली. गाडी तिच्यापासून लांब जात होती तोवर सगळं ठीक. वळली, तिच्या दिशेने यायला लागली आणि संपलं. गाडी समोरून आली की डावं-उजवं उलटं होतं ना. तिने डावीकडे फिरवलं, गाडी उजवीकडे गेली, नळीवर चढली आणि उताणी. सरळ केली. परत तेच. परत तेच. प्रत्येक वेळी त्याच वळणावर.

“बटण तुटलं!” चष्मिस बाटलीतून ओरडला. “शिवणकाम करणारं कोणी आहे का?”

माझी जीभ शिवशिवली. पण मी ओरडायचं नाही असं ठरवलेलं. मी तिच्याजवळ गेलो आणि म्हणालो, “काही हरकत नाही हं. होतं असं.”

तिने रिमोट माझ्या हातात दिला आणि वळणावर जाऊन उभी राहिली, गाड्या सरळ करायला. तिथे मात्र ती वाघीण. गाडी उलटायच्या आत पळायची.

घरी येताना ती म्हणाली, “मी ढ आहे.”

“छे छे, असं नाही म्हणायचं.”

“आहेच मी ढ,” ती म्हणाली.

तेव्हा मला ती युक्ती सुचली. सुचली तेव्हा मला वाटलं, आपल्यासारखा डोकेबाज कोणी नाही. गाडीच्या पोटात एक छोटी डबी असते, ती रिमोटचं ऐकते. पण एका वेळी एकाच रिमोटचं. तिच्यावरचं बटण दाबून धरलं, दिवा लुकलुकायला लागला की जो रिमोट चालू असेल त्याच्याशी तिची गाठ बसते. माझ्याकडे रिमोट दोन होते. मी गाडीची गाठ जुन्या रिमोटशी बसवली. नवा, चकचकीत, दिवा लागणारा रिमोट बटणच्या हातात दिला. तो आता नुसता दिवा होता. जुना माझ्या मांडीवर, त्याच्यावर माझं जॅकेट.

आणि काय सांगू, बटण चालवायला लागली! म्हणजे मीच. पण ती हात फिरवायची आणि गाडी वळायची, अगदी झोकात. मी मुद्दाम थोडी डुगडुगवायचो, खरं वाटावं म्हणून. एकदा मुद्दाम नळीला घासली. शनिवारी काका कामावरून थेट तिकडे आले, हाताला अजून ग्रीस. बटणची गाडी फळीवरून उडाली, चारही चाकांवर पडली आणि ते वळण, ते नेहमीचं वळण, लोण्यासारखं घेऊन गेली. काकांनी टाळ्या वाजवल्या. मग दोन्ही हात तोंडावर ठेवले आणि तसेच ठेवले. ग्रीसचे डाग गालावर घेऊन ते घरी गेले, आईनेच पुसले.

बटण मात्र हसली नाही. मला ते दिसलं होतं. ती एकदा रिमोटकडे बघत होती, एकदा गाडीकडे. मला वाटलं, पोरीचा विश्वास बसत नसेल. बसेल उद्या.

उद्या म्हणजे तो रविवार. मावशी संध्याकाळी येणार होती. सकाळी काका, आई, गल्लीतली सगळी पोरं गोडाऊनसमोर. मी मागे पायरीवर, मांडीवर जॅकेट.

“प्रेक्षकहो, बटण पूर्ण फॉर्मात!” चष्मिस सुरू झाला. “पहिलं वळण साफ! फळी, उडी, वा वा! मोठं वळण, बघा बघा, असा हात पाहिजे…”

गाडी चालवताना एक गोष्ट असते. नजर गाडीवरून हलवायची नाही. रिमोटकडे नाही, माणसांकडे नाही, फक्त गाडी. मला ते इतकं अंगवळणी पडलंय की शेजारी बॉम्ब फुटला तरी मी वर बघणार नाही. म्हणून मला सगळ्यात शेवटी कळलं. मी गाडी काय सुंदर नेत होतो. एक फेरी. अजून एक. मग माझ्या लक्षात आलं की कॉमेंट्री बंद झालीय. चष्मिस गप्प! तो झोपेतसुद्धा गप्प बसत नाही. मी तरी एक वळण पूर्ण केलं आणि मग मान वर केली.

बटण हाताची घडी घालून उभी होती. नवा रिमोट तिच्या पायाशी, जमिनीवर. दिवा लागलेला.

कोणी हसलं नाही आधी. मग एक पोरगं खिदळलं, मग सगळीच. माझं जॅकेट घसरलं होतं आणि माझ्या हातातला रिमोट सगळ्यांना दिसत होता. गाडी तेवढ्यात नळीवर चढून उताणी पडली आणि चाकं हवेत फिरत राहिली.

“मी चालवत नाहीये,” बटण म्हणाली. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “काल पण नव्हते चालवत.”

आणि चालायला लागली. पळाली नाही, चालत गेली, तेच जास्त वाईट होतं. मी काकांकडे बघितलं नाही. बघवलंच नाही.

आम्ही घरी पोचलो तर बाथरूमला आतून कडी. आईने हाक मारली. काका दाराजवळ जाऊन वाकले आणि त्यांच्या त्या आवाजात म्हणाले, “बटण, काही होत नाही. मी इथेच आहे. घाबरू नकोस, मी बाहेरच आहे.”

“बाबा, मी लिफ्टमध्ये नाहीये!” आतून आवाज आला.

काका वाकले होते ते सरळ उभे राहिले. इतकी वर्षं ते वाक्य कधी वाया गेलं नसणार.

आईने माझ्याकडे असं बघितलं की मी पाणी पाणी. मी दारावर हात मारला. गोड बोलायचं होतं, शपथ. पण तोंड उघडलं आणि जे यायचं तेच आलं.

“ए बटण! बाहेर ये! तुझ्यासाठीच केलं ना मी? तुला येत नव्हतं म्हणून केलं! आणि चार लोकांत माझी इज्जत काढलीस ती काढलीस, वर गाडी उलटी टाकून आलीस! नियम काय आहे? उलटी गाडी सरळ करायची! करायची की नाही?”

“तूच चालवत होतास, तू कर!” आतून.

“मी मागे बसलो होतो!”

“लपून बसला होतास! लबाड!”

“लबाड कोणाला म्हणतेस? चिमटीएवढी आहेस!”

“लबाड! लबाड! ओरड्या!”

आई माझी बाही ओढत होती. काकांनी तिचा हात हळूच धरला आणि मान हलवली, राहू दे म्हणून. ते दाराकडे कान लावून ऐकत होते. मला तेव्हा कळलं नाही का.

“कळलं कसं तुला?” मी विचारलं.

“मला शिंक आली. दोन्ही हात सुटले. गाडी चालतच होती.”

“मग तेव्हाच का नाही बोललीस?”

“बाबा टाळ्या वाजवत होते.”

काका मागे सरले आणि खुर्ची नसताना बसायला गेले, मग भिंतीला टेकले.

“मावशी पण सगळं मलाच करून देते,” आतून आवाज आला, आता बारीक. “वह्यांना कव्हर पण. चित्र पण. बाई म्हणतात छान काढलंस आणि मी काढलेलंच नसतं. सगळे माझ्याशी हळू बोलतात. इथे तू ओरडायचास. मोडलीस तू, मोडलीस तू, असं. मग मी मोडलीच होती ना? मग तू पण हळू बोलायला लागलास.”

म्हणजे ती फोनवर माझी चहाडी करत नव्हती? मग काय, कौतुक करत होती? असलं कसलं कौतुक!

“कडी काढ,” मी म्हणालो. “गाडीची गाठ तुझ्या रिमोटशी बसवायचीय. मी बसवणार नाहीये, तूच बसवायचीस. दोन मिनिटांत आली नाहीस तर मी चाललो.”

कडी निघाली. नाक लाल, बाकी सगळं ठीक.

मी पळत जाऊन गाडी आणली. चष्मिसने ती सरळ करून भिंतीशी ठेवली होती, नियम म्हणजे नियम. बटणने डबीवरचं बटण काडीने दाबून धरलं, दिवा लुकलुकला, तिने नवा रिमोट चालू केला, दिवा स्थिर झाला. तिने रिमोटवरचं चाक फिरवलं, बगीची पुढची चाकं वळली. ती माझ्याकडे संशयाने बघायला लागली. मी दोन्ही हात वर केले. तरी तिने जाऊन जुन्या रिमोटच्या बॅटऱ्या काढल्या आणि स्वतःच्या खिशात टाकल्या.

आम्ही खाली गेलो, बिल्डिंगच्या मागच्या फरशीवर. तिथे कोणी नसतं. परत तेच. गाडी लांब जाताना छान, समोरून येताना आंधळी. भिंतीवर आपटली.

“अगं उलटं! उलटं फिरव!” मी ओरडलो.

“उलटं म्हणजे कुठलं उलटं?”

“तू गाडीत बसलीयस असं समज! गाडीचं तोंड जिकडे, तुझं तोंड तिकडे!”

बटणने विचार केला. आणि तिने काय केलं असेल? गाडी वळली तशी ही स्वतःच वळली. अख्खी. गाडी तिच्याकडे यायला लागली तर ही गाडीकडे पाठ करून उभी आणि मान वळवून खांद्यावरून मागे बघतेय! डावं म्हणजे डावं, उजवं म्हणजे उजवं. गाडी तिच्या पायाजवळून नीट निघून गेली. परत वळली, परत बटण वळली. गाडी गोल, बटण गोल. मी कितीतरी वर्षं गाड्या बघतोय, कोणाला असं चालवताना बघितलं नव्हतं.

“हे असं चालतं का?” ती ओरडली, फिरता फिरता.

“चालतंय तर चालू दे!”

“मला चक्कर येतेय!”

“मग वेग कमी कर, बावळट!”

वर खिडकीत आई आणि काका दोघं होते. काकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. दोन्ही हात खिडकीच्या कडेवर घट्ट धरले होते.

मग व्हायचं तेच झालं. बटण फिरता फिरता स्वतःच्याच पायात अडकली, वेगाच्या खटक्यावर बोट दाबलं गेलं आणि बगी सुसाट जाऊन पाण्याच्या पाइपवर. पुढच्या शॉकची टोपी उडाली, तेल फरशीवर.

“मोडलीस!” मी ओरडलो. “परत मोडलीस! डोळे कुठे होते?”

“गाडीवर!” ती ओरडली. इतकी खूश होऊन कोणी ओरडताना मी बघितलं नव्हतं. “मीच मोडली! बाबा, मी मोडली!”

मावशी आली तेव्हा जेवणाचं टेबल आमच्या ताब्यात होतं. खाली जुना पेपर, त्यावर सगळे स्क्रू. बटणची बॅग आईने आधीच दाराशी आणून ठेवली होती, मावशीला खोळंबा नको म्हणून. ठेवताना तिने बॅगेचा पट्टा दोनदा सरळ केला. मावशी उंच, थकलेली, चेहरा गोड. प्रवासातून आल्या आल्या तिने बटणच्या डोक्यावरून हात फिरवला आणि हाताला तेल लागलं.

“अगंबाई! हे काय गं?”

“शॉकचं तेल,” बटण म्हणाली. मान वर न करता. शॉक तिने दोन बोटांत उभा धरला होता, वरपर्यंत भरलेला, आणि त्यातला दांडा अगदी सावकाश वर-खाली करत होती, मी दाखवला होता तसा.

“चल, हात धू. बस निघेल.”

“आत्ता नाही येता येणार.”

“का गं?”

“बुडबुडे वर यायचेत. तेलात हवा राहिली की गाडी उड्या मारते. सगळे आले की मगच टोपी लावायची.”

“मग? किती वेळ लागतो त्याला?”

बटणने माझ्याकडे बघितलं. मी खरं तेच सांगणार होतो, थोडाच वेळ. काका नळाजवळ उभे होते, नळ चालू, हाताखाली काही नाही. माझ्या तोंडात ‘खूप वेळ’ आलं होतं. मी गिळला. ठरवायचं तिने होतं, मी कशाला परत मधे रिमोट घेऊन बसू.

“थोडाच वेळ,” बटणच म्हणाली. मग जरा थांबून, “पण मग दुसरे तीन पण आहेत. आणि मागचा डिफ उघडायचाय, मागची चाकं फिरवतो तो. आणि मला समोरून येताना न फिरता चालवायचीय, फिरून चक्कर येते. त्याला खूप वेळ लागेल, मावशी.”

मावशी खुर्चीवर बसली. बराच वेळ तिने त्या शॉककडे बघितलं. एक बुडबुडा वर आला आणि फुटला.

“मी शिकवू शकले नसते गं हे,” ती म्हणाली.

“तू शिकवत नाहीस, तू करून देतेस,” बटण म्हणाली. रागाने नाही, जसं आहे तसं. मग पटकन, “पण तू रविवारी येत जा ना. बघायला. तुला पण फिरायला शिकवते.”

मावशी हसली आणि हसता हसता डोळ्यांना पदर लावला. मग आईकडे वळून म्हणाली, “रात्री पायांवर पांघरूण घालू नका, लाथा मारते. दूध गरम दिलं तर पीत नाही. आणि आजारी पडली तर सांगत नाही, नुसती गप्प होते. गप्प झाली की कपाळाला हात लावायचा.”

“लावेन,” आई म्हणाली.

काकांनी नळ बंद केला. मावशीला बसपर्यंत पोचवायला ते निघाले तेव्हा दाराशी आडवी आलेली बॅग त्यांनी उचलली आणि आत नेऊन ठेवली. मग बाहेर गेले. जिन्यात त्यांच्या पावलांचा आवाज मी ऐकला. मावशीबरोबर एकेक पायरी, सावकाश.

बटणने टोपी लावली. “बघ,” म्हणाली. मी दांडा दाबून बघितला. कुर्रर्र असा आवाज आला.

“हवा राहिलीय,” मी म्हणालो. “परत उघड.”

“नाही राहिली!”

“राहिलीय! कान आहेत का बटणं लावलीयत?”

“तूच कर मग!”

“मी नाही करणार. मेलो तरी करणार नाही.”

तिने तोंड वेंगाडलं आणि टोपी परत उघडली.

तेव्हापासून आमच्या जेवणाच्या टेबलावर कोणी जेवत नाही. आई रोज बडबडते, आम्ही रोज पेपर बदलतो. बटण अजून फिरूनच चालवते. चष्मिसने तिचं नाव भिंगरी ठेवलं होतं, पण ती त्याला दोनदा मागे टाकून गेली तेव्हापासून तो बाटलीत जपून बोलतो. आत्ता तिला मागचा डिफ उघडायचाय, एकटीला, मी खोलीत पाऊल टाकायचं नाही अशी ताकीद आहे. म्हणून मी इथे जिन्यात बसलोय. डिफमध्ये बारीक बारीक गोळ्या असतात, मोहरीएवढ्या, तिला सांगितलंय की आधी ताटली घे, ताटलीशिवाय उघडू नकोस, सांगितलंय मी, अगदी हळू आवाजात सांगितलं, तिथेच चुकलं बहुतेक. कारण आत्ता आतून काहीतरी फरशीवर टपटप सांडल्याचा आवाज आला आणि आई किंचाळली आणि बटण ओरडतेय, “ओरड्याऽऽ, पाय नको टाकू, हातावर ये!” मला जायलाच हवं.